पाटी, पोथी की संगणक?

वार्षिक परीक्षा संपून निकाल लागले, की आमच्या घराची बेल हमखास वाजते. दाराशी कोणी तरी ओळखीचे पालक असतात आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "सर, मुलीला टॅब घेऊ की लॅपटॉप? आणि ते नुसते पुस्तके वाचायचे यंत्र मिळते म्हणे, ते कसे?" मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, दुकान चालवत नाही. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे का यावा, याचे मला पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही. या प्रश्नाचे निम्मे उत्तर भौतिकशास्त्रातच आहे आणि ते शाळेच्या पुस्तकापासून फार दूर नाही.

हे मला चूक करून कळले. काही वर्षांपूर्वी माझी मुलगी नववीत गेली, तेव्हा तिच्या दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून मी सहा इंची पडद्याचा एक ई-रीडर आणला. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात. ती त्यात भरली. पहिल्याच दिवशी तिने विज्ञानाचे पान उघडले, डोळ्यांजवळ नेले, लांब धरले आणि म्हणाली, "बाबा, नुसत्या मुंग्या दिसतात." पान मोठे करावे, तर प्रत्येक ओळ अर्धी कापली जाई. आकृत्यांतले रंग तर गेलेच होते. आठ दिवसांत यंत्र कपाटात गेले आणि दप्तर पुन्हा पहिल्याइतके जड झाले. खरेदीपूर्वी एक साधे त्रैराशिक मांडले असते, तर हे टळले असते. वर्गात रोज फळ्यावर गणिते सोडवणारा मी, पण दुकानात शिरताना खडू खाली ठेवून गेलो होतो!

ते त्रैराशिक आणि तशीच आणखी काही साधी गणिते आज पाहू. यंत्रे दरवर्षी बदलतात, त्यांची नावे आणि किमतीही बदलतात. गणिते मात्र तीच राहतात.

तीन यंत्रांची तोंडओळख

मुलांनी दप्तरात घालून न्यावा असा, वहीएवढा संगणक असावा, ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ॲलन के या शास्त्रज्ञाने १९७२ साली 'डायनाबुक' नावाच्या अशा यंत्राचा आराखडा लिहून मांडला होता. त्या काळी ते बनवता येण्याजोगे नव्हते. पुढे २००४ साली जपानमध्ये सोनी कंपनीचा 'लिब्रिए' हा विद्युत-शाईचा ई-रीडर आला, २००७ साली ॲमेझॉनचा 'किंडल' आला आणि २०१० साली ॲपलचा 'आयपॅड' बाजारात आल्यावर टॅब घरोघरी माहीत झाला.

आपल्या सोयीसाठी या तिघांना ओळखीची नावे देऊ. टॅब म्हणजे पाटी : बोटाने चालणारी, रंगीत, चित्रपटही दाखवणारी. ई-रीडर म्हणजे पोथी : शांतपणे पान उलटायचे आणि वाचायचे, बाकी काही नाही. संगणक, मग तो मांडीवरचा लॅपटॉप असो वा टेबलावरचा डेस्कटॉप, म्हणजे कामाचे टेबल : त्यावर बसून काही तरी तयार करायचे. या तिघांतला मूळ फरक किमतीत किंवा आकारात नाही. तो पडद्याच्या मागे दडलेला आहे. तेथूनच सुरुवात करू.

प्रकाश कोणाचा?

कोणतीही वस्तू दिसायची, तर तिच्याकडून डोळ्यात प्रकाश यायला हवा. तो वस्तूचा स्वतःचा असेल, नाही तर बाहेरून येऊन परावर्तित झालेला असेल. छापील पुस्तक दुसऱ्या प्रकारात मोडते. ई-रीडरही त्याच प्रकारात मोडतो. टॅब आणि संगणक पहिल्या प्रकारात येतात.

ई-रीडरच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात तरंगणारे पांढरे व काळे कण असतात. पांढऱ्या कणांवर एका प्रकारचा विद्युतभार, काळ्यांवर विरुद्ध प्रकारचा. कुपीच्या वर आणि खाली विद्युतदाब दिला, की एका रंगाचे कण वर येतात आणि दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात. पांढरे वर आले तर तो ठिपका पांढरा, काळे वर आले तर काळा. आता खरी गंमत पाहा. दाब काढून घेतला, तरी कण जागचे हलत नाहीत! द्रव दाट असल्यामुळे ते जेथे आहेत तेथेच राहतात. म्हणजे एकदा पान उमटले, की ते तसेच ठेवायला ऊर्जा लागत नाही. ऊर्जा लागते ती पान उलटताना. ही शाई १९९० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत तयार झाली.

पण ज्या दाटपणामुळे कण स्थिर राहतात, त्याच दाटपणामुळे ते सावकाश सरकतात. पूर्ण पान बदलायला सेकंदाचा चांगला मोठा अंश जातो. चित्रपटासाठी सेकंदाला २४ चित्रे बदलावी लागतात. तेव्हा या पडद्यावर प्रयोगाची चित्रफीत पाहण्याचा विचारही नको. रंगीत विद्युत-शाई आता निघाली आहे, पण तिचे रंग फिके असतात.

टॅब आणि लॅपटॉप यांच्या बहुतेक पडद्यांत द्रवस्फटिक असतात. द्रवासारखा वाहणारा, पण स्फटिकासारखी शिस्त पाळणारा हा पदार्थ. ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनिट्झर यांना तो १८८८ साली प्रथम आढळला. या क्षेत्रात आपल्या देशाचाही वाटा आहे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत प्रा. एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले. पडदा बाजूने पाहिला तरी चित्र नीट दिसावे, यासाठी त्यावर जे पातळ पटल लावतात, त्यात पुढे असे पदार्थ वापरले गेले.

द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. पडद्यामागे दिवा असतो आणि द्रवस्फटिक खिडकीच्या झडपेसारखे काम करतात. दिव्याचा प्रकाश आधी ध्रुवणपटलातून जातो. तेथे निम्मा शोषला जातो. पुढे लाल, हिरव्या, निळ्या गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी आपला रंग सोडून बाकीचे दोन अडवते, म्हणजे उरलेल्याचा सुमारे एक तृतीयांश पुढे जातो. एक द्वितीयांश गुणिले एक तृतीयांश म्हणजे एक षष्ठांश. बाकीची गळती धरली, तर दिव्याच्या प्रकाशाचा साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी भाग तुमच्या डोळ्यापर्यंत पोचतो. उरलेल्याची उष्णता होते. काही महागड्या टॅबमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाशतो, तेथे मागचा दिवा नसतो. पण तेथेही प्रकाश यंत्रालाच निर्माण करावा लागतो.

उन्हातला सदरा

आता हे यंत्र घेऊन एसटीच्या खिडकीशी बसा. बाहेर लख्ख ऊन आहे. टॅबवरचे काही दिसत नाही, हा अनुभव मोबाइलवर तुम्ही घेतलाच असेल. असे का होते?

भर उन्हात प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,००,००० लक्स इतका प्रकाश पडतो. पांढरे कापड किंवा कागद त्यातला सुमारे ८० टक्के परत पाठवतो. अशा खरखरीत पृष्ठभागाचा उजळपणा काढायचे सूत्र सोपे आहे : पडणारा प्रकाश गुणिले परत जाणारा भाग, भागिले पाय.

१,००,००० × ०.८ ÷ ३.१४ = सुमारे २५,०००

हे उत्तर 'कँडेला प्रति चौरस मीटर' या एककात आले. चांगल्या टॅबचा पडदा पूर्ण प्रखर केला, तर त्याचा उजळपणा साधारण ५०० असतो. आता पुढचा टप्पा. काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परावर्तित होतो. तुम्ही पांढरा सदरा घालून उन्हात टॅब धरला आहे. सदऱ्याचा उजळपणा २५,०००. काचेत दिसणाऱ्या त्याच्या प्रतिबिंबाचा उजळपणा त्याच्या ४ टक्के, म्हणजे १,०००. टॅबवरचे पांढरे पान ५००, आणि त्यावर पडलेले सदऱ्याचे प्रतिबिंब १,०००! तुम्ही पुस्तक वाचत नसून स्वतःचा सदरा पाहत आहात.

ई-रीडरचे काय? त्याचा पांढरा भाग पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ४० टक्के परत पाठवतो. वरच्याच सूत्राने उन्हात त्याचा उजळपणा १२,००० च्या वर जातो. ऊन जितके वाढेल, तितके पान उजळेल. यंत्राला त्यासाठी काहीच करावे लागत नाही.

पण नाण्याची दुसरी बाजूही पाहा. रात्री घरातल्या दिव्याखाली पुस्तकावर २०० लक्स प्रकाश पडतो असे धरा. तेथे कागदाचा उजळपणा ५० येतो आणि ई-रीडरचा २५. म्हणजे मंद दिव्यात पोथी कागदाहूनही फिकी पडते. म्हणून अनेक ई-रीडरना कडेला बारीक दिवे देतात. ते पडद्यावर समोरून प्रकाश टाकतात. असा दिवा नसलेला ई-रीडर घेतलात, तर डोक्यावरचा दिवा चांगला हवा.

अक्षर केवढे दिसेल?

आता माझ्या चुकीचे त्रैराशिक. समजा, पुस्तकाचे पान ए-फोर आकाराचे आहे : २१ सेंमी रुंद, २९.७ सेंमी उंच. त्यातले अक्षर ३ मिमी उंच आहे. सहा इंची ई-रीडरचा पडदा सुमारे ९.१ सेंमी रुंद आणि १२.२ सेंमी उंच असतो. ध्यानात ठेवा, 'सहा इंची' म्हणजे कर्ण सहा इंच; रुंदी नव्हे. पूर्ण पान त्यात बसवायचे, तर ते १२.२ ÷ २९.७ = ०.४१ पट करावे लागेल. मग ३ मिमीचे अक्षर उरते १.२ मिमी. मुलीला मुंग्या दिसल्या, त्यात तिची काय चूक?

हेच गणित इतरांसाठी करा. दहा इंची टॅबचा पडदा १५.२ × २०.३ सेंमी असेल, तर पान ०.६८ पट होते आणि अक्षर २ मिमीचे. वाचता येते. १५.६ इंची लॅपटॉपची रुंदी ३४.५ सेंमी, म्हणजे पान पूर्ण रुंदीत मावते आणि अक्षर ३ मिमीचेच राहते. मात्र पडद्याची उंची १९.४ सेंमी असल्यामुळे एका वेळी पानाचा दोन तृतीयांश भाग दिसतो. उरलेला वर सरकवावा लागतो.

मग ई-रीडर कोणासाठी? येथे एक भेद समजून घ्या. पीडीएफ हे गोठलेले पान असते. अक्षर, चित्र, ओळ, सारे जेथल्या तेथे. ई-पुस्तकाचे दुसरे स्वरूप प्रवाही असते. त्यात अक्षर मोठे केले, की ओळी आपोआप नव्याने रचल्या जातात. पाणी जसे भांड्याचा आकार घेते, तसा मजकूर पडद्याचा आकार घेतो. कथा, कादंबऱ्या, चरित्रे अशा स्वरूपात चांगली वाचता येतात. माझा तो कपाटात पडलेला ई-रीडर शेवटी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी घेतला. त्यांना छापील बारीक टाइप वाचवेना. त्यांनी अक्षर पाहिजे तेवढे मोठे केले आणि आता ते खिडकीशी बसून तासन् तास वाचतात. यंत्र वाईट नव्हते. मी ते चुकीच्या कामाला जुंपले होते.

ठिपके मोजा

पडद्यावरचे अक्षर चित्रबिंदूंचे, म्हणजे पिक्सेलचे बनलेले असते. आपल्या देवनागरीत शिरोरेघ, वेलांटी, रफार, उकार, जोडाक्षर अशी एकावर एक चळत असते. ठिपके मोठे असतील, तर 'दृ' आणि 'द्र' यांतला फरक शोधावा लागतो.

ठिपका किती बारीक हवा? निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसायचे, तर त्यांच्यात किमान १ कला कोन लागतो. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. हा कोन ३० सेंमी अंतरावर ०.०८७ मिमी आणि ६० सेंमी अंतरावर ०.१७५ मिमी लांबी व्यापतो. आता ई-रीडरवर इंचाला ३०० ठिपके असतील, तर एक ठिपका २५.४ ÷ ३०० = ०.०८५ मिमी. हातात धरून वाचायला अगदी पुरेसा! १५.६ इंची लॅपटॉपवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतील, तर एक ठिपका ०.१८ मिमीचा येतो. तो हातभर अंतरावरून पाहायचा असल्याने तोही पुरेसा. पण तेवढ्याच पडद्यावर १३६६ × ७६८ ठिपके असतील, तर ठिपका ०.२५ मिमीचा होतो आणि अक्षरांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. स्वस्त किंवा जुना लॅपटॉप घेताना हे दोन आकडे अवश्य विचारा. तसेच डोळ्यांना १ कलेहून बारीक दिसत नसेल, तर त्याहून बारीक ठिपक्यांसाठी जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही, हेही यातून कळते.

अंतराचा विषय निघालाच आहे, तर डोळ्याबद्दल. भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये कशी मोजतात, ते तुम्ही शिकला आहात : १ भागिले मीटरमधील अंतर. टॅब ३० सेंमीवर धरला, तर डोळ्याच्या भिंगाला ३.३ डायॉप्टर जादा शक्ती आणावी लागते. लॅपटॉप ६० सेंमीवर ठेवला, तर १.७, आणि सहा मीटर दूरच्या झाडाकडे पाहिले, तर केवळ ०.१७. म्हणून डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, की दर २० मिनिटांनी २० सेकंद तरी २० फुटांपलीकडे पाहा. पडद्याकडे टक लावली, की पापण्या लवणेही कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. हा नियम पाटीला, पोथीला आणि छापील पुस्तकालाही लागू आहे.

बॅटरीत साठले किती?

दुकानात बॅटरीचा आकडा मिलिअँपिअर-तासांत सांगतात. हा आकडा म्हणजे ऊर्जा नव्हे. तो विद्युतभार आहे. ऊर्जा हवी, तर त्याला व्होल्टने गुणावे लागते.

ई-रीडर : १.५ अँपिअर-तास × ३.७ व्होल्ट = सुमारे ५.५ वॉट-तास
टॅब : ८ अँपिअर-तास × ३.७ व्होल्ट = सुमारे ३० वॉट-तास
लॅपटॉप : ४.४ अँपिअर-तास × ११.४ व्होल्ट = सुमारे ५० वॉट-तास

पाहिलेत? टॅबचे ८,००० आणि लॅपटॉपचे ४,४०० असे नुसते आकडे ऐकले, तर टॅबची बॅटरी मोठी वाटते. प्रत्यक्षात उलट आहे. ज्याला व्होल्टने गुणणे माहीत आहे, तो येथे फसत नाही.

आता किती वेळ पुरेल ते पाहू. टॅब १० तास चालला, तर तो ३० ÷ १० = ३ वॉट वापरतो. लॅपटॉप ५ तास चालला, तर १० वॉट. ई-रीडरच्या जाहिरातीत 'सहा आठवडे' असे लिहिलेले असते. पण असा हिशेब बहुधा रोज अर्धा तास वाचनाचा असतो. ४२ दिवस × अर्धा तास = २१ तास. म्हणजे वापर पाव वॉटच्या आसपास. टॅबच्या सुमारे बारावा हिस्सा! फरक मोठाच आहे. पण 'दहा तास' आणि 'सहा आठवडे' ऐकून जो शंभरपट वाटतो, तेवढा तो नाही. तुलना करताना दोन्हीकडे एकच माप लावायचे, हा प्रयोगशाळेतला नियम दुकानातही पाळावा.

वीजबिलाचे काय? रोज तीन तास, महिन्याचे ९० तास धरा. टॅबला ०.२७ युनिट, लॅपटॉपला ०.९ युनिट लागते. डेस्कटॉप पडद्यासह १०० वॉट घेत असेल, तर ९ युनिट. युनिटला ८ रुपये समजल्यास महिन्याला अनुक्रमे सुमारे २, ७ आणि ७२ रुपये होतात. पाटी आणि लॅपटॉप यांत विजेच्या खर्चाने काही ठरत नाही. डेस्कटॉप घेतला, तर चार वर्षांत विजेचे तीन हजारांवर रुपये जादा जातील, हे मात्र त्याच्या कमी किमतीत मिळवून पाहा. शिवाय वीज गेली, की इन्व्हर्टर नसलेल्या घरी डेस्कटॉप त्याच क्षणी बंद पडतो आणि न जपलेले लिखाण जाते. गावाकडे हा मुद्दा लहान नाही. डेस्कटॉपच्या बाजूने सांगायचे, तर त्याचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. टॅब उघडणेच कठीण.

प्रवासासाठी एक सूचना. विमानात सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात, आणि १०० वॉट-तासांपर्यंतच्या वेगळ्या परवानगीवाचून नेता येतात. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ वॉट-तासांची भरते, म्हणजे चालते. विमान कंपनीचे आणखी काही नियम असतील, तर ते निघण्यापूर्वी विचारावेत.

लिहायचे कशाने?

आतापर्यंत आपण वाचण्याचाच विचार केला. पण विद्यार्थी वाचतो तितकाच लिहितो. टॅबवर टंकन करायला घेतले, की अक्षरफलक पडद्याचा मोठा भाग झाकून टाकतो. चार ओळींच्या निरोपाला ते चालेल. दहा पानी प्रकल्पाला नाही. प्रयोगातील वाचने मांडून आलेख काढणे, दोन पुस्तके शेजारी उघडून टिपण करणे, संगणकाची आज्ञावली लिहिणे, यांसाठी खरा अक्षरफलक आणि मोठा पडदा हवा. टॅबला वेगळा अक्षरफलक जोडता येतो. पण मग त्याची किंमतही जोडून पाहा.

शेजाऱ्यांना मी काय सांगितले

यंदा आलेले पालक आमच्या शेजारचेच. मुलगी दहावी होऊन अकरावी विज्ञानाला चालली आहे, धाकटा मुलगा आठवीत. यंत्र एकच घ्यायचे आणि तेही हप्त्यांनी. "एकदाच घेणार सर, चुकून चालणार नाही," ते म्हणाले. त्यांच्याकडे कागद दिला आणि म्हटले, "यंत्राचे नाव नंतर. आधी घरात कोणते काम अडते, ते लिहा."

मुलीनेच लिहिले. चित्रफिती पाहणे : घरातल्या मोबाइलवर होते. पाठ्यपुस्तक वाचणे : छापील आहेच, आणि त्याला बॅटरी लागत नाही. अवांतर पुस्तके : गावात वाचनालय आहे. मराठी विश्वकोशातील नोंद पाहणे : मोबाइलवर होते, पण दिसायला बारीक. प्रकल्प लिहिणे, आलेख काढणे, अर्ज भरणे : यांपैकी काहीच घरी होत नाही, सायबर कॅफेत जावे लागते. यादी पुरी झाली, तेव्हा उत्तर तिच्या वडिलांनीच दिले : "म्हणजे टॅब घेतला, तर आहे तेच थोडे मोठे होईल. नाही ते मिळणार नाही." त्यांनी वापरलेला, पण तपासून घेतलेला, १९२० × १०८० चा लॅपटॉप घेतला. हप्ते करावे लागले नाहीत.

याचा अर्थ सर्वांनी लॅपटॉप घ्यावा असा नाही. घरात संगणक आहे आणि वसतिगृहात किंवा लांबच्या प्रवासात पाठ्यपुस्तकाच्या पीडीएफ वाचायच्या आहेत : दहा इंची टॅब. महिन्याला तीन-चार पुस्तकांचा फडशा पाडता, रोज एसटीचा किंवा लोकलचा तासाभराचा प्रवास आहे, किंवा घरात अण्णांसारखे कोणी आहे : ई-रीडर. काही लिहायचे, घडवायचे आहे : संगणक. आणि जे काम आज छापील पुस्तकाने आणि वाचनालयाच्या वर्गणीने भागते, त्यासाठी कर्ज काढू नका.

करून पाहा

१. मोबाइलच्या पडद्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगाचे काम करतो. पांढऱ्या भागात लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात का? नंतर थेंब लगेच पुसा.

२. कोणाकडे ध्रुवणकाचेचा गॉगल असेल, तर त्यातून लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहा आणि गॉगल सावकाश फिरवा. एका स्थितीत पडदा काळा का होतो?

३. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकाच्या पानाची लांबी-रुंदी आणि एका अक्षराची उंची मोजा. आठ इंची टॅबचा पडदा १२.२ × १६.३ सेंमी असेल, तर त्यावर ते अक्षर किती मिमीचे दिसेल?

४. पॉवर बँकेवर २७,००० मिलिअँपिअर-तास आणि ३.७ व्होल्ट असे लिहिले आहे. ती विमानात वेगळ्या परवानगीवाचून नेता येईल का?

चौथ्याचे उत्तर 'हो' येते, पण अगदी थोडक्यात. किती थोडक्यात, ते तुम्हीच काढा. तिसऱ्याचे उत्तर प्रत्येकाच्या पुस्तकाप्रमाणे वेगळे येईल. ते काढून झाल्यावर घरच्यांना दाखवा. दुकानात जाताना खडू खाली ठेवू नका!